काळ्या डब्याची घाई

१

चोरी झाली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या गुरुवारी वाटलं. चोरी झाली की माणूस निदान बोंब तरी मारू शकतो. आमच्याकडे काहीच गेलं नव्हतं. एक आकडा तेवढा खोटा निघाला होता, आणि त्या आकड्याखाली सही माझी होती.

मी नकाशांच्या दप्तरात काम करतो. जुन्या इमारतींचे, रस्त्यांचे, गटारांचे नकाशे स्कॅन करून ठेवायचे आणि मागेल त्याला वाचनकक्षातल्या संगणकावर उघडून द्यायचे, हे आमचं काम. सगळे नकाशे एका सर्व्हरवर असतात, आणि तो सर्व्हर इतका म्हातारा झाला होता की माणूस नकाशा मागायचा, बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा, तरी पडद्यावर अर्धाच रस्ता उमटलेला असायचा. म्हणून नवा घ्यायचं ठरलं. तीन दुकानदारांनी तीन सर्व्हर चाचणीसाठी पाठवले. एक पांढरा, एक करडा, एक काळा. दिसायला तिन्ही डबेच, म्हणून आम्ही त्यांना डबेच म्हणू लागलो. कोणता डबा नकाशे भराभर देतो हे मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कोणती वायर कुठे जाते हे दप्तरात मला एकट्याला कळतं.

मी सात दिवस मोजलं. तिन्ही डब्यांवर तेच चारशे बारा नकाशे ठेवले होते. रोज अकरा वाजता माझा लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायचा, तीच एक वायर घेऊन एकेका डब्याकडे जायचं, सगळे नकाशे डब्यातून बाहेर काढायला किती वेळ लागतो ते लिहायचं, मग तेच नकाशे एका रिकाम्या फोल्डरमध्ये परत टाकायला किती लागतो ते लिहायचं, आणि तो फोल्डर पुसायचा. बाहेर काढायला पांढऱ्याला दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद लागायचे, करड्याला दोन एकवीस. काळा एक पस्तीसमध्ये मोकळा. मी अहवाल लिहिला, काळा घ्या म्हणून सांगितलं, आणि घरी जाऊन निवांत झोपलो.

आमच्या संचालक मॅडम कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहणाऱ्यातल्या नाहीत. बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी स्वतः घड्याळ हातात घेऊन, भांडारवाल्या काकांना साक्षीला बसवून, माझीच पद्धत वापरून माझीच चाचणी पुन्हा केली. पांढरा तसाच निघाला. करडाही तसाच. काळ्याला दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद लागले, दोन्ही दिवस. म्हणजे माझा पहिला आलेला डबा तिघांत शेवटचा होता.

"आणखी एक विचारायचंय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणे बोलल्या की जास्त भीती वाटते. "काळा डबा ज्या दुकानातून आला, ते दुकान तुमच्या सख्ख्या बहिणीच्या यजमानांचं आहे. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

नव्हतं सांगितलं. खरं सांगतो, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि मॅडमनी टेबलावरून एक पत्र पुढे सरकवलं. सोमवारी दुपारी बारापर्यंत समाधानकारक खुलासा केला नाही तर नोकरी जाईल, आणि दाजींच्या दुकानाचं नाव काळ्या यादीत जाईल. खुलासा करायला सोबत एक माणूस आणायची मुभा होती.

२

तो एक माणूस कोण, याचा मला विचार करावा लागला नाही. माझी मावशी तीस वर्षं वजनमापं तपासणारी निरीक्षक होती. दुकानात शिरली की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अजून भाजी घेताना आधी काट्याखाली वाकून बघते.

मी गेलो तेव्हा ताई आणि दाजी आधीच येऊन बसले होते. ताईचे डोळे सुजले होते. दाजी एकाच कपातला थंड झालेला चहा ढवळत होते.

"तुम्ही डब्यात काही केलं होतंत का?" मी विचारलं. आमच्या घरात दाजींना असं कोणी विचारत नाही. ताई माझ्याकडे बघतच राहिली.

"मी कोरा डबा पाठवला," दाजी म्हणाले. "खोक्याची चिकटपट्टीसुद्धा काढली नव्हती. तू काही केलंस का, ते सांग. माझ्या भल्यासाठी केलं असशील, तरी सांग."

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होतो आणि ते माझ्यावर. मावशीने दोघांकडे बघितलं आणि चष्मा लावला.

"भांडण नंतर करा, सोमवारपर्यंत वेळ कमी आहे. शहाण्या, ते सात दिवसांचे आकडे दाखव. आणि आधी एक सांग, मोजायच्या आधी पारडं रिकामं होतं का?"

"कसलं पारडं?"

"मी काटा तपासायला गेले की वजनं नंतर बघायचे. आधी रिकामं पारडं. कालचा माल चिकटून राहिलेला असतो, आणि बिचाऱ्या दुकानदाराला पत्ताही नसतो."

मला तिचं म्हणणं कळलं. डब्याला स्वतःची आठवण असते. एकदा वाचलेली फाइल तो काही काळ हाताशी धरून ठेवतो, आणि पुन्हा मागितली की झटकन देतो. तशी फाइल मोजणं म्हणजे फसवणूकच. पण वीज गेली की ती आठवण पुसली जाते. "आमच्या इमारतीचं मेन स्विच रोज संध्याकाळी बंद होतं," मी म्हणालो. "पहारेकरी सकाळी साडेआठला चालू करतो. त्यामुळे रोज सकाळी तिन्ही डबे कोरे. अकरा वाजता मी मोजतो. पारडं रिकामंच होतं, मावशी."

"बरं," ती म्हणाली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि चौथ्या दिवसावर थांबलं. "ही पेन्सिलीची रेघ कोणाची?"

ताईने माझ्याकडे बघितलं, दाजींनीही.

"माझी," मी म्हणालो. "त्या दिवशी काळ्याला तीन मिनिटं एक सेकंद लागले. एकच दिवस. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून तो आकडा खोडला आणि बाकीच्या सहांची सरासरी काढली."

मावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला लहानपणापासून माहीत आहे, ती चिडली की आधी चष्मा काढते.

३

"नावडता आकडा खोडायचा नसतो," ती म्हणाली. "तुला सहा जणांनी एक सांगितलं आणि सातव्याने दुसरं, तर त्या सातव्याला खुर्ची देऊन बसवायचं. तू त्याला हाकलून दिलंस. तुझ्या मॅडमने तुला लबाड म्हटलं त्यात तिची काय चूक?"

मला मान वर करवेना. पण रागावून झाल्यावर ती अशी कामाला लागते की रागाचाही आधार वाटतो.

"आता बघा. ह्याने मुद्दाम लबाडी केली असती तर हा आकडा पेन्सिलीने खोडून फायलीत ठेवला नसता, कागद बदलला असता. म्हणजे हा लबाड नाही, बावळट आहे. दाजींनी डब्यात काही युक्ती भरली असती, तर ती चौथ्या दिवशी आणि ह्या दोन दिवसांत अचानक का रुसली? म्हणजे तेही सुटले."

दाजींनी इतका वेळ ढवळलेला चहा पिऊन टाकला. ताई पहिल्यांदाच जरा सरळ बसली.

"मग भांडारवाले काका," मी म्हणालो. "त्यांना पहिल्यापासून पांढरा हवा होता. त्यांच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत. त्यांनी मॅडमच्या चाचणीच्या वेळी खराब वायर लावली असणार."

"परत टाकायचे आकडे वाच."

मी वाचले. काळ्यात नकाशे परत टाकायला माझ्या सात दिवसांत तीन मिनिटं वीसच्या आसपास लागत होते. चौथ्या दिवशीही तेवढेच. मॅडमच्या दोन दिवसांतही तेवढेच.

"वायर खराब असती तर जातानाही अडली असती आणि येतानाही," मावशी म्हणाली. "इथे टाकायचा वेळ जागचा हललेला नाही. फरक फक्त काढायच्या वेळेत आहे. उद्या मला तुमच्या दप्तरात ने. मला डबे बघायचे नाहीत, वह्या बघायच्या आहेत."

४

शुक्रवारी ती आली आणि खरोखरच एकाही डब्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. आधी भांडारात जाऊन काकांसमोर बसली. काकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, आणि ते बोलताना प्रत्येक वाक्याला एक किल्ली पुढे ढकलतात.

"मला पांढरा हवा होता, लपवतो कशाला," काका म्हणाले. "तो माझ्या फळीवर बरोबर बसतो. बाकीचे दोन बाहेर येतात, माझं डोकं आपटतं. पण म्हणून मी कोणाच्या पोटावर पाय देईन? ह्या पोराला मी पहिल्या दिवसापासून बघतोय. वेंधळा आहे, खोटा नाही."

ते ऐकून मला लाज वाटली. काल मी ह्याच माणसाला चोर ठरवून मोकळा झालो होतो.

"तिन्ही डबे तुमच्याच ताब्यात आले का?" मावशीने विचारलं.

"पांढरा आणि करडा. काळ्याला जागा नव्हती, म्हणून तो आतल्या खोलीत ठेवला, दप्तरबाईंकडे." त्यांनी आवक वही उघडली. पांढऱ्यासमोर काकांची सही, करड्यासमोर काकांची सही. काळ्यासमोर बारीक, गोल अक्षरात दप्तरबाईंची सही होती, आणि नकाशे भरल्यावर त्यांनी सहीशेजारी लिहिलं होतं, "नकाशे ४१२, मोजून घेतले."

"ह्या बाई कुठे आहेत?"

"रजेवर," काका म्हणाले. "यजमानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. बुधवारपासून तीन दिवस."

मावशी एकदम थांबली. मग तिने हजेरीची वही मागितली, माझ्या सात दिवसांची पानं उघडली आणि बोट फिरवत फिरवत चौथ्या दिवसावर आली. दप्तरबाईंच्या नावासमोर लिहिलं होतं, "यजमानांना तपासणीला नेले. आगमन साडेअकरा."

मी अकराला मोजलं होतं.

"मावशी, त्या बाई असं काही करणार नाहीत. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. टाचणी घेतली तर परत आणून देतात."

"तेच मला बघायचंय," मावशी म्हणाली. "सोमवारी नऊला आतल्या खोलीबाहेर उभं राहायचं. त्यांना आधी काही बोललास तर याद राख."

५

शनिवार-रविवार कसे गेले ते विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा मी घरातले सगळे पंखे पुसले, कारण एका जागी बसवत नव्हतं. ताईचे दिवसातून चार फोन येत होते. दर वेळी ती दुसरंच काहीतरी विचारायची, आणि शेवटी म्हणायची, "काही कळलं का रे?"

सोमवारी पावणेनऊला आम्ही आतल्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. मावशीने निरोप पाठवून मॅडमनाही बोलावून घेतलं होतं. मॅडम आल्या, घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "माझ्याकडे अर्धा तास आहे," आणि बाकाच्या टोकाला बसल्या.

नऊला दप्तरबाई आल्या. जेवणाचा डबा आणि छत्री कोपऱ्यात ठेवली, हात धुतले, कोरडे केले, खुर्चीत बसल्या. संगणक चालू केला. काळ्या डब्यातला फोल्डर उघडला आणि पहिला नकाशा पडद्यावर आणला. डोळे बारीक करून एकदा बघितला, बाणाचं बटण दाबलं. दुसरा नकाशा. मग तिसरा. ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. शेजारी वही उघडी होती, दर पन्नास नकाशांना त्या एक खूण करत होत्या.

आम्ही तिघं दारातून बघत होतो. मॅडमचा अर्धा तास संपला, त्या उठल्या नाहीत. पाऊण तासाने चारशे बारावा नकाशा आला. बाईंनी वहीत तारीख आणि आकडा लिहिला, सही केली, मागे वळल्या आणि आम्हाला बघून दचकल्या.

"अगंबाई. काय झालं? काही हरवलं का?"

"काही नाही हरवलं," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ मी क्वचितच ऐकलाय. "रोज मोजता का?"

"मोजायलाच हवं ना. माझ्या सहीने घेतलेलं दप्तर आहे. रात्री खोली बंद असते, सकाळी उघडल्यावर पानं पूर्ण आहेत की नाही हे बघितल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. कागदाची बाडं होती तेव्हाही हेच करायचे. फक्त तेव्हा अंगठा दुखायचा, आता तर्जनी दुखते."

"आणि पांढऱ्या, करड्या डब्यातले?"

"ते मी कशाला मोजू? ते काकांच्या सहीचे आहेत."

मी भिंतीला टेकलो. वीज गेल्याने रोज कोरा होणारा डबा ही बाई रोज नऊ ते पावणेदहा माझ्या नकळत पुन्हा भरत होती. चारशे बारा नकाशे डबा एकदा वाचून हाताशी धरून ठेवायचा, आणि अकराला मी जाऊन तेच मागायचो. मग तो एक पस्तीसमध्ये का देणार नाही? मी माझा लॅपटॉप रोज कोरा करत होतो, वायर बदलत नव्हतो, सगळं सोवळं पाळत होतो, आणि पारड्यात कालचा नाही, त्याच सकाळचा माल होता.

"टाकायच्या वेळेत फरक पडला नाही," मॅडम हळूच म्हणाल्या, "कारण वाचून ठेवलेल्याचा टाकताना काही उपयोग नसतो." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि आम्ही मोजलं तेव्हा बाई रजेवर होत्या."

"चौथ्या दिवशीही त्या उशिरा आल्या होत्या," मावशी म्हणाली. "तो आकडा ह्या शहाण्याने खोडला नसता, तर तुम्हाला माझी गरजच पडली नसती."

दप्तरबाई आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांचा हात हळूच वहीवर गेला.

"माझ्यामुळे कोणाचं नुकसान झालं का?" त्यांनी विचारलं.

६

त्या प्रश्नाने मला गलबलून आलं. जो दोष माझ्यावर आला होता तो आपल्यावर घ्यायला ही बाई वही धरून तयार बसली होती. "नाही हो बाई," मी म्हणालो, "मीच तुम्हाला विचारायला हवं होतं. सात दिवस तुमच्या खोलीत येऊन मोजत होतो आणि सकाळी तुम्ही काय करता हे एकदाही विचारलं नाही."

मॅडमनी खात्री करून घेतलीच. तिथल्या तिथे मला वायर आणायला लावलं. काळा एक चौतीस. मग त्याची वीज काढली, परत लावली, पुन्हा मोजलं. दोन एकोणसाठ. त्यांनी पत्र माझ्यासमोर फाडलं नाही, तसल्या त्या नाहीत. त्यावर लिहिलं, "खुलासा समाधानकारक. प्रकरण बंद," सही केली, आणि घड्याळात बघून वेळ टाकली. अकरा वाजून दहा मिनिटं. माझा जीव भांड्यात पडला. बाराला अजून पन्नास मिनिटं होती आणि त्या पन्नास मिनिटांचं काय करावं हे मला कळेना.

"एक काम राहिलंय," मॅडम म्हणाल्या आणि सात दिवसांचा तक्ता पुढे केला. मी खोडरबर घेऊन चौथ्या दिवसावरची रेघ पुसली आणि तोच आकडा शेजारी शाईने लिहिला. तीन मिनिटं एक सेकंद. खाली सही केली, आणि त्याखाली लिहिलं की काळा डबा माझ्या दाजींच्या दुकानातला आहे.

बाहेर येऊन ताईला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि फोन दाजींच्या हातात दिला. मागे ती रडताना ऐकू येत होती.

"म्हणजे आमचा डबा शेवटचा," दाजी म्हणाले.

"हो. करडा घेणार आहेत."

"घेऊ देत. हरलो तर हरलो रे, चोर नाही ठरलो." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझ्यावर संशय घेतला, मनात ठेवू नकोस."

"तुम्हीही ठेवू नका," मी म्हणालो. मावशी शेजारीच उभी होती. म्हणाली, "आता दोघं मिळून मला जेवायला घाला. फुकट नाही आले मी."

महिन्याभराने करडा डबा कायमचा आला. ह्या वेळी आवक वहीत दप्तरबाईंनीच सही केली. दप्तर हजारो नकाशांचं, पण त्यातले तेच चारशे बारा नकाशे लोक सर्वांत जास्त मागतात, म्हणून चाचणीलाही तेच घेतले होते. बाई अजून रोज सकाळी ते मोजतात. मॅडमनी एकदा मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "आता तर तुम्ही रात्रीतून काही कमी-जास्त झालं की आपोआप कळवणारी सोय लावली आहे. बाईंचा पाऊण तास वाचवायचा का?"

मी नको म्हणालो. बाई पावणेदहाला मोजून उठतात आणि वाचनकक्ष दहाला उघडतो. हल्ली दहाला येणारा पहिला माणूस नकाशा मागतो, आणि चहाला जायला उठेपर्यंत तो पडद्यावर पूर्ण आलेला असतो.